वेस्टनबर्टचा जुना वृक्षसंग्रह ऑक्टोबरमध्ये कसा पाहावा?

गंगापूररोडकर (नाशिक) :

सर्वांना नमस्कार. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही उभयता ब्रिस्टॉलला मुलाकडे जात असून तेथे महिनाभर मुक्काम आहे. त्याच्या घरापासून मोटारीने तासाभराच्या आत, ग्लॉस्टरशायर परगण्यात, वेस्टनबर्ट नावाचा जुना आर्बोरेटम, म्हणजे वृक्षसंग्रह, आहे आणि तो ऑक्टोबरमध्येच पाहावा असे त्याचे म्हणणे आहे. एकोणिसाव्या शतकातील एका धनिक जमीनदाराने आपल्या इस्टेटीत जगभरची झाडे आणून लावली, एवढीच माहिती त्याने पुरवली. मी शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालो आहे. झाडांच्या बाबतीत माझी ओळख वड, पिंपळ आणि कडुनिंब यांपलीकडे फारशी नाही, हे आधीच कबूल करतो.

अडचण अशी आहे की माझ्या पत्नीचे गुडघे दुखतात. सपाटीवर वीस-पंचवीस मिनिटे चालल्यावर तिला बसावे लागते आणि चढ-उतार तर नकोच असतो. सहाशे एकरांची जागा आहे हे ऐकल्याबरोबर तिने "तुम्ही बापलेक जाऊन या, मी घरी थांबते" असे जाहीर करून टाकले. दुसरीकडे आमचे मेहुणे म्हणतात की झाडेच पाहायची असतील तर सरळ पेठ-सुरगाण्याच्या रस्त्याला लागावे, त्यासाठी साहेबाच्या देशात जाऊन तिकीट कशाला काढायचे. त्यांना मला नेमके उत्तर देता आले नाही, म्हणून येथे विचारतो. जंगलात नसलेले असे तेथे काय आहे, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला घेऊन त्यातले नेमके किती व कोणते पाहावे? शिवाय गिरणाऱ्याजवळ आमची थोडी जमीन आहे, तेथे लावण्यासाठी मेपलचे बी आणता येईल का, हेही कोणी सांगितले तर बरे होईल.

मूळचा_सिडकोचा (स्विंडन) :

काका, नमस्कार. मी नऊ वर्षांपासून स्विंडनला राहतो आणि वर्षातून दोन-तीनदा तरी वेस्टनबर्टला जातो. काकूंना घरी ठेवू नका, हे सर्वांत आधी सांगतो. सहाशे एकर, अडीच हजार प्रकारची पंधरा हजारांच्या आसपास झाडे आणि सत्तावीस किलोमीटरच्या वाटा हे आकडे ऐकून कोणीही दचकेल. पण तेथे एका दिवसात सगळे कोणीच पाहत नाही आणि पाहूही नये.

जागेचे दोन भाग आहेत. प्रवेशद्वाराच्या बाजूचा तो 'ओल्ड आर्बोरेटम', आणि मधला गवताळ खोलगट पट्टा ओलांडला की पलीकडे 'सिल्क वुड' हे मूळचेच जुने रान, ज्यात पुढे बाहेरची झाडे भरली गेली. तुमच्यासाठी ओल्ड आर्बोरेटम पुरेसा आहे. तेथील बऱ्याच वाटा सपाट आणि पक्क्या आहेत, थोड्या थोड्या अंतरावर बाक आहेत, आणि काकूंना कुत्र्यांची भीती वाटत असेल तर त्या भागात कुत्री आणायला परवानगी नाही, हीदेखील इकडे लहान गोष्ट नव्हे. शरदात पाने लाल होणाऱ्या जपानी मेपल वृक्षांची प्रसिद्ध 'एसर ग्लेड' (झाडांमधली मोकळी जागा) याच भागात आहे. आधी नोंदवून ठेवल्यास व्हीलचेअर किंवा बॅटरीवर चालणारी स्कूटर मिळते. मुलाला आठवडाभर आधी चौकशी करायला सांगा, कारण ऑक्टोबरमध्ये त्यांना फार मागणी असते.

सिल्क वुडमध्ये जायचेच झाले तर केवळ झाडांच्या उंचीवरून जाणाऱ्या लाकडी पुलासाठी जा. तो २०१६ साली खुला झाला. त्याची लांबी तीनशे मीटर आहे आणि सर्वांत उंच जागी तो जमिनीपासून साडेतेरा मीटरवर असतो. मात्र त्याला पायऱ्या नाहीत. खालची जमीन उतरत जाते आणि पूल जवळजवळ आहे त्याच पातळीवर पुढे जातो, त्यामुळे आपण चढलो आहोत हे खाली पाहिल्यावरच कळते. काकूंना तो जमेल. वारा असला तर तो किंचित हलतो, एवढे आधी सांगून ठेवा.

आता मेहुण्यांच्या प्रश्नाकडे वळतो. जंगलात झाड जिथे रुजले तिथे उजेडासाठी शेजाऱ्यांशी भांडत वाढते. आपल्याला त्याचा बुंधा दिसतो, आकार दिसत नाही. वेस्टनबर्टला प्रत्येक झाड कुठून आणि कसे दिसावे याचा विचार करून ते लावलेले आहे. रॉबर्ट होलफर्ड याने १८२९ साली, वडील हयात असताना आणि स्वतः विशीत असताना, ही लागवड सुरू केली. लंडनला पाणी पुरवणाऱ्या न्यू रिव्हर कंपनीतील हिश्श्यांतून घराण्याकडे अमाप पैसा आला होता, आणि त्याच काळात अमेरिकेतून, हिमालयातून व पूर्व आशियातून नवनवीन झाडांचे बियाणे इंग्लंडात येऊ लागले होते. हौशी श्रीमंतांमध्ये ती मिळवण्याची चढाओढच लागली होती. होलफर्डचे वेगळेपण असे की त्याने नुसता संग्रह केला नाही. रुंद गवताळ रस्ते आखले, त्यांतील काहींची रेघ थेट आपल्या हवेलीच्या दिशेने धरली, आणि मागे यू वृक्षासारखी गडद, सदाहरित झाडे लावून त्यांच्या पुढे रंग बदलणारी झाडे उभी केली. काळ्या पाटीवर रंगीत खडूने लिहावे तसा हा प्रकार आहे. एसर ग्लेडमध्ये उभे राहाल तेव्हा पेटलेल्या मेपलकडे पाहून झाल्यावर त्याच्या मागच्या काळोख्या झाडांकडेही पाहा. खरी कारागिरी तेथे आहे.

लोक म्हणतात की अशी झाडे लावणारा माणूस नातवंडांसाठी लावतो. होलफर्डच्या बाबतीत ते पुरते खरे नाही. तो १८०८ साली जन्मला आणि १८९२ पर्यंत जगला, म्हणजे स्वतःच्या हातची झाडे त्याने साठ वर्षे वाढताना पाहिली. त्याच्यामागे मुलगा सर जॉर्ज याने १९२६ पर्यंत ती हौस पुढे चालवली, नंतर इस्टेट त्यांच्या भाच्याकडे गेली, आणि १९५६ साली हा वृक्षसंग्रह सरकारी वन आयोगाच्या ताब्यात आला.

वेळेबद्दल सांगायचे तर साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून महिनाअखेरीपर्यंत रंग भरात असतो. पण हे दरवर्षी चार-आठ दिवस मागेपुढे होते. शनिवार-रविवार टाळावा. शक्यतो दार उघडताच आत जावे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी येथील घड्याळे एक तास मागे जातात आणि त्यानंतर पाचच्या आत अंधारून येते, म्हणून बेत त्यापूर्वीच्या आठवड्यात उरकावा. ओली पाने फार निसरडी असतात, तेव्हा काकूंना नुसत्या चपलांवर आणू नका.

पिंपळगावचा_बागाईतदार :

वरील माहिती उत्तम आहे, परंतु ऑक्टोबरचा आग्रह मला थोडा जास्त वाटतो. मी द्राक्षवाला माणूस. ऑक्टोबर छाटणी टाकून परदेशात जाणे मला या जन्मी शक्य नाही. एप्रिलची खरड छाटणी आटोपून आम्ही मे महिन्यात गेलो होतो. त्या वेळी मेपलची पाने कोवळी, पोपटी होती, ऱ्होडोडेंड्रॉनचे उंच ताटवे फुललेले होते आणि सिल्क वुडमध्ये जमिनीवर ब्लूबेलच्या निळ्या फुलांचा सडा पडला होता. गर्दी अशी नव्हतीच. गंगापूररोडकर सरांचे तिकीट काढून झाले असेल तर प्रश्नच नाही, पण इतर वाचकांनी केवळ लाल पानांसाठी वर्ष पुढे ढकलू नये.

रेल्वेने जाणाऱ्यांसाठी एक सूचना. लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावरून केंबल या लहान स्थानकावर उतरावे लागते. ब्रिस्टॉलकडून येणाऱ्याने स्विंडनला गाडी बदलायची. केंबलपासून पुढे दहा-बारा किलोमीटर टॅक्सीशिवाय सोय नाही, असे गृहीत धरूनच निघावे. आम्ही जाताना टॅक्सी आधी ठरवली होती, परतीची मात्र "मिळेल की" म्हणून सोडून दिली. नाशिकरोड स्थानकासमोर रिक्षा मिळते तशी ती मिळाली नाही आणि पाऊण तास फाटकापाशी उभे राहावे लागले. सरांचा मुलगा मोटारीने नेणार असल्याने त्यांना ही काळजी नाही.

वनस्पतिशास्त्राची_शिक्षिका (नाशिक) :

सर, नमस्कार. मी तेथे दोन वेळा गेले आहे, एकदा ऑक्टोबरमध्ये आणि एकदा ऐन जानेवारीत. वाटांची माहिती वर आलीच आहे. मी फक्त काय पाहावे आणि का, एवढेच लिहिते.

पान लाल होते म्हणजे काय होते, हे समजून घेऊन गेलात तर एसर ग्लेड निराळी दिसेल. दिवस लहान होऊ लागले की झाड पानातील हरितद्रव्य मोडते आणि पानातील नत्र आत ओढून घेते. पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो, हिरवा ओसरला की तो नुसता उघडा पडतो. लाल रंगाचे तसे नाही. देठाच्या तळाशी बुचाचा पडदा तयार होऊ लागतो, पानात साखर अडकते आणि तिच्यापासून अँथोसायनिन हे लाल द्रव्य झाड नव्याने तयार करते. त्यासाठी दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री गोठणबिंदूच्या वरची थंडी लागते; ढगाळ, उबदार शरद आला की रंग फिका पडतो. कोणत्याही वर्षीच्या रंगांची हमी तेथील माळीसुद्धा देत नाहीत, ते यामुळेच.

आणि येथे तुमच्या मेहुण्यांचे म्हणणेही मी पूर्ण खोडून काढणार नाही. पेठ-सुरगाण्याकडे फाल्गुन-चैत्रात कोशिंबाला पालवी फुटते, ती पाहिली आहे का? अख्खे झाड लालभडक होते, पण ती पाने मरायला टेकलेली नसून नुकतीच जन्मलेली असतात. द्रव्य तेच, अँथोसायनिन. कोवळ्या पानात हरितयंत्रणा पुरती उभी राहण्याआधी प्रखर उन्हापासून ते त्याचे रक्षण करते. इंग्लंडात झाडे थंडीसाठी पाने गाळतात, आपल्याकडची पानझडी झाडे पाण्याच्या तुटवड्यासाठी गाळतात; म्हणून त्यांचा लाल रंग वर्षाच्या शेवटी येतो आणि आपला सुरुवातीला. दोन्ही पाहिल्याशिवाय यांतील एकाचाही अर्थ नीट लागत नाही, असे मला वाटते. त्यामुळे मेहुण्यांना पाडव्याच्या सुमारास घेऊन त्या रस्त्याला अवश्य जा.

वेस्टनबर्टला डोळ्यांइतकेच नाकही उघडे ठेवा. 'कात्सुरा' नावाचे जपानी झाड तेथे आहे. त्याची पाने हृदयाच्या आकाराची असून शरदात पिवळी-गुलाबी होतात. ती गळून पडली की त्यांतून माल्टॉल नावाचे संयुग सुटते आणि हवेत साखर करपल्याचा गोड वास पसरतो. इंग्रज मंडळी त्याला कॅरमेलचा वास म्हणतात. मला मात्र पहिल्यांदा तो आला तेव्हा मी गुऱ्हाळ कुठे चालू आहे म्हणून मागे वळून पाहिले होते. झाड दिसण्याच्या आधी वास येतो, तेव्हा वास आला की थांबा आणि पायाखालची पाने पाहा. पत्नीला बसायला बाक शोधायचाच असेल तर अशा झाडाजवळचा शोधा.

दुसरे झाड सिल्क वुडमध्ये आहे, आणि ते पाहून बहुतेक लोक "यात काय आहे" असे म्हणून पुढे जातात. पाटीवर 'लाइम' असे लिहिलेले असेल. त्याचा आपल्या लिंबाशी काहीही संबंध नाही, हा युरोपातला लिंडेन. सुमारे सोळा मीटर व्यासाच्या वर्तुळात साठेक खोडे उभी आहेत, आणि ती सगळी मिळून एकच झाड आहे, ज्याचे वय दोन हजार वर्षांच्या घरात मानले जाते. हे झाड इतके जगले ते न तोडल्यामुळे नव्हे, तर पुन्हा पुन्हा तोडल्यामुळे. दर वीस-पंचवीस वर्षांनी त्याची खोडे जमिनीलगत कापतात आणि बुडख्यातून नवे फुटवे येतात. मधला जुना भाग कुजत जातो आणि फुटव्यांचे कडे बाहेर सरकत जाते. ही कापणी २०१२ साली झाली होती, त्यामुळे आज दिसणारी खोडे कोवळी आणि मुळे मात्र रोमन काळातली, असा प्रकार आहे. उसाचा खोडवा ज्याने पाहिला आहे त्याला हे समजायला वेळ लागणार नाही, फक्त येथे खोडव्यामागून खोडवा ऐंशी-शंभर वेळा घेतला गेला असावा.

ओल्ड आर्बोरेटममध्ये आपल्या हिमालयातला देवदार भेटेल. तो ब्रिटनमध्ये १८३१ च्या सुमारास पोहोचला, म्हणजे होलफर्डने लागवड सुरू केल्यावर दोन वर्षांनी. 'पेपरबार्क मेपल' चुकवू नका. चीनमधून १९०१ साली आणलेल्या या जातीची तांबूस साल कागदासारखी सुटून वर वळते, आपल्या सालईची सुटते तशीच, आणि त्यामागून ऊन आले की ती पेटल्यासारखी दिसते. पाने गळाली तरी या झाडाचे काही बिघडत नाही. जानेवारीत मी त्याच्याचसमोर सर्वांत जास्त वेळ उभी होते. कॅलिफोर्नियाचे राक्षसी रेडवूडही आहेत. त्यांचे बी १८५३ साली ब्रिटनमध्ये आले आणि आदल्याच वर्षी वारलेल्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या नावावरून तिकडे त्या झाडाला 'वेलिंग्टोनिया' म्हणू लागले. त्याच्या सालीवर मूठ आपटून पाहा. ती इतकी मऊ आणि जाड असते की हाताला लागत नाही.

बियांबद्दल मात्र स्पष्ट नाही म्हणते. तेथील बी, शंकू किंवा फांदी उचलून आणणे तेथल्या शिस्तीत बसत नाही, आणि परवाना व वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र यांशिवाय बी भारतात आणणे २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाविरुद्ध आहे. हे नियम कागदी नव्हेत. पूर्व आशियातून आलेल्या एका बुरशीने युरोपातले अ‍ॅश वृक्ष मारत आणले आहेत. ती ब्रिटनमध्ये २०१२ साली आढळली आणि तिच्या प्रसाराला आयात केलेल्या रोपांचा हातभार लागला. शिवाय मेपलच्या बहुतेक जातींचे बी ओल्या थंडीत काही महिने राहिल्याशिवाय रुजत नाही. निफाडला एखाद्या जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर उतरतो खरा, पण चार रात्रींच्या थंडीने त्याचे भागत नाही. आणि रुजलेच तरी आपला मे महिना त्याची पाने करपवून टाकील. गिरणाऱ्याला लाल रंग हवा असेल तर कोशिंब लावा, सोबत पांगारा आणि काटेसावर. तीनही तेथे आनंदाने वाढतील.

गंगापूररोडकर (नाशिक) :

आपणा सर्वांचे मनापासून आभार. बाईंचे उत्तर पत्नीला मोठ्याने वाचून दाखवले. गुऱ्हाळाच्या वासाचा मजकूर आल्यावर ती म्हणाली की तिचे माहेर निफाडचे, तेव्हा तो वास बरोबर आहे की नाही हे तिलाच ठरवावे लागेल. म्हणजे ती येत आहे. बेत असा ठरवला आहे : ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यातला एखादा मंगळवार किंवा बुधवार, सकाळी ओल्ड आर्बोरेटम, डबा खाऊन झाल्यावर जमेल तसे स्कूटरवरून पुलापर्यंत, आणि ते दोन हजार वर्षांचे झाड मी एकट्याने जाऊन पाहायचे.

वेलिंग्टोनियाचे वाचून मात्र मी जागीच थबकलो. हा वेलिंग्टन म्हणजे आपला आर्थर वेलस्लीच की! ऑगस्ट १८०३ मध्ये त्याने अहमदनगरचा किल्ला घेतला आणि २३ सप्टेंबरला असईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा पराभव केला. तीस वर्षे मी तो धडा शिकवला. त्याच्या नावाचे झाड कुठे असेल असे कधी मनात आले नव्हते. त्यातही गंमत अशी की झाड अमेरिकेचे, नाव इंग्रज सेनापतीचे, आणि त्याच्यावर मूठ आपटायला जाणार नाशिकचा इतिहासाचा मास्तर. (मूठ आपटावी असे बाईंनीच सांगितले आहे, त्यामुळे कोणी आक्षेप घेऊ नये.)

एक शंका राहिली. काही रस्त्यांची रेघ हवेलीच्या दिशेने आहे, असे वर आले आहे. ती हवेली अजून आहे का, आणि तीही पाहता येते का? एवढ्या मोठ्या जमिनीवर आधी कोणी राहत असेलच, त्यांचे काय झाले?

मूळचा_सिडकोचा (स्विंडन) :

काका, नेमके विचारलेत. हवेली आहे. आज दिसते ती रॉबर्ट होलफर्डने १८६३ ते १८७० या काळात बांधलेली, आणि १९२८ पासून तीत शाळा भरते. त्यामुळे आर्बोरेटमच्या तिकिटात ती येत नाही. मध्ये मोठा रस्ता आहे आणि हवेली त्याच्या पलीकडे राहते. शाळा काही ठरावीक दिवशी बाहेरच्यांना आत सोडते, ते आधी विचारून घ्यावे लागेल.

गावाबद्दल तुमचा अंदाज खरा आहे. वेस्टनबर्टची वस्ती पूर्वी हवेलीला लागून होती. होलफर्डला आपल्या बागेतून दिसणाऱ्या देखाव्यात ती नको होती, म्हणून घरे पाडून गाव थोडे दूर नव्याने वसवले गेले. जुने चर्च तेवढे हवेलीशेजारी राहिले. नवी घरे चांगली बांधली होती असे तिकडे आवर्जून सांगतात, पण गावकऱ्यांना कोणी विचारले होते का, हे मी कुठल्या पाटीवर वाचलेले नाही. येता-जाता मोटारीतून ते गाव दिसते. पाच मिनिटे थांबण्यासारखे आहे.

मंगळवार ठरला तर मला आधी कळवा, मी सुट्टी टाकून येईन. घडीच्या दोन खुर्च्या माझ्या गाडीत कायम असतात. काकूंनी फक्त थालीपिठे आणावीत. तेथील उपाहारगृहात भात-आमटीची अपेक्षा ठेवू नये.